आजोबांना बहीण होती

माझ्या धाकट्या बहिणीला नर्स व्हायचं होतं, आणि त्यासाठी आमचा पणजोबा कोणत्या जातीचा होता हे तिला कागदावर सिद्ध करायचं होतं. गावाला ते पाठ होतं. पाणवठ्यावर आम्ही कुठं उभं राहायचं, चहा कुठल्या कपातून मिळणार, मेलेलं ढोर कुणी ओढायचं, हे ठरवताना कुणी पणजोबाकडं दाखला मागितला नव्हता. आता मागत होते. आता, जेव्हा त्या जातीच्या नावावर पहिल्यांदाच काहीतरी मिळणार होतं.

नर्सिंगला प्रवेश झाला होता, पण तात्पुरता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र शेवटच्या तारखेच्या आत दिलं नाही तर जागा जाणार. बहिणीनं पांढरा ॲप्रन शिवून आणला होता, पण त्याची घडी मोडायला ती तयार नव्हती. "परत द्यावा लागला कुणाला, तर कोरा तरी राहू दे," म्हणायची. शहरात मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो ॲप्रन खुंटीला पिशवीत लटकलेला असायचा, आणि येता-जाता मला त्याचाच राग यायचा.

पुरावा हवा होता १९५० च्या आधीचा. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकाचा, ज्यावर जात लिहिलेली आहे असा. वडिलांचा शाळेचा दाखला पुष्कळ नंतरचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. ते पाटलाची गुरं राखायचे. जमीन नव्हती म्हणून जमिनीच्या कागदात आम्ही नाही. शाळेची पायरी चढू दिली नाही म्हणून शाळेच्या पटावर आम्ही नाही. ज्या जातीमुळं कागदावर आलो नाही, ती जात कागदावर दाखवा, असा हा हुकूम. माझ्या वडिलांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "छापायच्या लायकीचा मजकूर हाय." त्यांनी छापखान्यात आयुष्य घालवलं आहे. त्यांच्याकडं रागाचीही प्रत निघते.

मी पत्रकांवर वाढले. शब्दशः. ज्या छापखान्यात वडील कामाला होते, तिथं दुपारी मला पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपवत. शाई वाळली नसेल तर पाठीवर उलटी अक्षरं उमटायची. बाराखडीच्या आधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. आठ वर्षांची असताना क्रांती चौकात मोर्चाच्या कडेनं पळत मी पत्रकं वाटली, एकोणीसची झाल्यावर स्वतः लिहायला लागले. माझं पहिलं पत्रक होतं, 'सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव कुठे आहे?' लोकांनी ते घडी घालून खिशात ठेवलं होतं, याचा मला भारी अभिमान होता. हा अभिमान लक्षात ठेवा. त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे.

अर्जासोबत वंशावळ लागते. पणजोबापासून अर्जदारापर्यंतचं झाड, शपथपत्रावर. ती करायला मी तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडं गेले. छत्रीखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये हजार घरांच्या वंशावळी.

"पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार," तो म्हणाला. "चार चौकटी. आजोबांना भाऊ?"

"एक होता. लहानपणीच वारला."

"मग सोडा. झाड सडपातळ ठेवायचं, ताई. फांद्या फुटल्या की प्रश्न फुटतात."

मला घाई होती. चार चौकटी छापून आल्या: तीन पुरुष, आणि खाली माझी बहीण. मीही त्या झाडावर नव्हते. मी वाचलं, वडिलांची सही घेतली आणि अर्ज देऊन आले. महिन्याभरात त्रुटीचं पत्र आलं: जुना पुरावा जोडा. पत्रात चूक काही नव्हती. नियमाप्रमाणंच होतं, म्हणून तर कुणाशी भांडायचं तेही कळेना.

त्याच आठवड्यात माझ्याकडं गोऱ्या बाईचं काम आलं.

लेण्यांवर परदेशी पाहुणे नेणारा माझा एक मित्र आहे. त्याच्या ओळखीनं न्यूझीलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेची ईमेल मला आली. तिच्या आईच्या आईच्या आईची आई, म्हणजे खापरपणजी, इंग्लंडमधून निघून इथल्या छावणीत आली होती, पलटणीतल्या एका शिपायाची बायको म्हणून. पुढं तिची मुलगी बोटीनं न्यूझीलंडला गेली. ही इंग्लंडमधल्या कुठल्या गावची, कुणाची लेक, हे त्या शिक्षिकेला अकरा वर्षं सापडत नव्हतं. छावणीच्या कबरस्तानात आणि चर्चच्या जुन्या वह्यांत बघशील का, असं तिनं विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ती कुठली होती हे कळल्याशिवाय मला स्वस्थ मरता यायचं नाही.

मी ते वाचून हसले, आणि ते हसू चांगलं नव्हतं. हिला पूर्वज हवेत ते छंद म्हणून. आम्हाला हवेत ते शेवटच्या तारखेच्या आत.

तरी काम घेतलं. कबरस्तानाच्या फाटकाशी राखणदार चाचा बसले होते. मी चौकशी केली तर म्हणाले, "गोरी बाई होना? इदर सब गोरेच हैं, बेटी. कौनसी होना वो बोलो." मग स्वतःच काठी घेऊन गवत बाजूला करत पुढं झाले. "संभाल के. साप रहते. वो भी इन्हींके जमाने के हैं."

दगड सापडला. तिरका झाला होता, पण अक्षरं वाचता येत होती. अमक्याची प्रिय पत्नी. सहनशील, देवभीरू, सर्वांची लाडकी. मी त्या दगडासमोर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिच्या सहनशीलतेलासुद्धा दगड मिळाला. माझ्या पणजीला तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर कुठंतरी पुरलं, तिथं आता काय आहे, बाभळ आहे की ढाबा, हे कुणी सांगू शकत नाही.

भर म्हणून त्या शिक्षिकेनं खापरपणजीच्या मुलीचा एक फोटो पाठवला. खुर्चीत बसवलेलं झालरीच्या फ्रॉकमधलं गोरं मूल, आणि त्याला मागून धरून ठेवणारा एक हात. काळा, बांगड्यांचा. बाई चौकटीबाहेर. मी त्याच दुपारी तिला ईमेल लिहिली. ईमेल कसली, पत्रकच. तुझी खापरपणजी तुला सापडेलही, पण या हाताची पणती कुठं शोधायची, या हाताचं नाव तुझ्या कुठल्या वहीत आहे, असं सगळं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जोरदार झालंय. पन ती म्हातारी हाय ना? त्यो फोटू काय तिनं काढला?"

"मग मी कुणावर चिडू, बाबा?"

"चिड. पन पत्ता बरोबर घाल."

पाठवून झालं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं: मला तो हात रोज दिसतो. नाव मला माहीत नाही, आणि मी शोधलंही नव्हतं, हे खरं आहे. तू शोधत असशील तर जे लागेल ते माझ्याकडून घे. एवढंच. खाली कामाचं होतं. खापरपणजीचे तीन नवरे झाले, तिन्ही पलटणीतले. एक मेला की दुसरं लग्न, कारण विधवेचा शिधा फार दिवस चालायचा नाही. त्यामुळं प्रत्येक वहीत ती कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी विधवा. लेक कुणाची, ते कुठंच नाही. म्हणून, शिक्षिकेनं लिहिलं होतं, मी तिला शोधणं सोडलं आहे. आता तिच्या बहिणीला शोधते. एका जुन्या पत्रात बहिणीचं पहिलं नाव आहे. बहीण इथंच येऊन पहिल्यांदा लग्न करती झाली असेल, तर तिच्या नोंदीत बाप असेल.

वह्या बघायला परवानगी मिळायला चार दिवस गेले. मग एका लाकडी बाकावर, पंख्याखाली, मी लग्नांची वही उघडली. हात धुऊन यायला सांगितलं होतं. मी दोनदा धुतले. तिसऱ्या दिवशी बहीण सापडली. अविवाहित, वय वीस, वडील शेतमजूर, आणि त्याखाली इंग्लंडमधल्या एका खेड्याचं नाव. साक्षीदार म्हणून खापरपणजी. तिनं सही केली नव्हती. फुली मारली होती, आणि शेजारी पाद्र्यानं लिहिलं होतं, ही तिची खूण.

मी त्या फुलीकडं बघत बसले. इतके दिवस मी जिला मेमसाहेब समजून शिव्या घालत होते, ती शेतमजुराची लेक निघाली. अंगठेबहाद्दर. माझा राग त्यामुळं कमी झाला असं म्हणणार नाही. मुलाला धरून ठेवणारा हात कापून फोटो काढायला सही यावी लागत नाही. पण राग थोडा जागेवरून हलला, एवढं खरं.

नोंद पाठवून मी शहर बसनं घरी निघाले. मांडीवर माझी पिशवी, पिशवीत त्रुटीचं पत्र आणि ती वंशावळ. बस क्रांती चौकात सिग्नलला थांबली तेव्हा मी सहज तो कागद काढला. पणजोबा. आजोबा. वडील. बहीण. सडपातळ झाड.

तिला शोधणं सोडलं, आता तिच्या बहिणीला शोधते.

मी बसमधूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, आजोबांना बहीण होती का?"

"होती म्हंजी? हाय की. माझी आत्या. वैजापूरकडं दिलेली. तुझ्या बारशाला आलती."

"मग वंशावळीत का नाही?"

"अगं बाईमानूस वंशावळीत कुठं..." एवढं बोलून ते थांबले. मागून कंडक्टर ओरडत होता.

मला आठवत होतं की आत्याआजी आहेत. त्यांच्या हातचे सांडगे आमच्याकडं यायचे. पण टायपिस्टनं विचारलं "आजोबांना भाऊ?" आणि मी 'सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव कुठे आहे' लिहिणारी, मी फक्त भावाचं उत्तर दिलं. त्यानं बहीण विचारली नाही, मी सांगितली नाही. माझ्याच हातानं मी त्या म्हातारीला कापून चौकटीबाहेर ठेवलं होतं. तो राग मला कुणालाच पाठवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैजापूर, तिथून जीपनं खेड्यात. आत्याआजी अंगणात कांद्याच्या ढिगाशी बसून विळ्यानं पाती कापत होत्या. पंच्याऐंशीच्या पुढं वय, पण हात थांबत नव्हता.

"आलीस व्हय? बापाला सवड नाय वाटतं?"

"मीच आले. आजी, एक विचारायचंय. आजोबा शाळेत गेले नव्हते ना?"

"त्यो कशाचा जातोय. ढोरामागं."

"आणि तुम्ही?"

"मी गेल्ते की. सहा म्हैनं."

विळा चालूच होता. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठल्या शाळेत?"

"आपल्याच गावच्या. पाटलाचं लेकरू कडंवर घेऊन शाळंत सोडायचं काम व्हतं मला. ते लई रडायचं, म्हनून भायेर वसरीत बसून ऱ्हायचे. मग एकदा तपासनीला सायब येनार व्हता आन् पटावर पोरं कमी पडत व्हती. मास्तर म्हनला, बसलीच हायेस तर तुझं बी नाव घालतो. घातलं." त्यांनी कांदा ढिगावर टाकला. "सायब आला, मोजून गेला. मला काय उठवलं नाय कुनी. वसरीतच बसायचं, पन पाटी दिल्ती."

"हे तुम्ही बाबांना कधी सांगितलं नाही?"

"कुनी इचारलंच नाय."

त्या एका वाक्यानं मला जे झालं ते शंभर मोर्चांत झालं नव्हतं. आम्ही घरात दोन महिने पुरावा नाही म्हणून कपाळ बडवत होतो, आणि पुरावा इथं कांदे कापत बसला होता.

आमचं मूळ गाव तिथून दोन कोसांवर. आत्याआजींना घेऊनच गेले, त्या म्हणाल्या, "वसरी दाखिवते तुला." वसरी राहिली नव्हती, सिमेंटच्या खोल्या झाल्या होत्या. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि कोठीतली लोखंडी पेटी काढायला लावली. वरच्या वह्या मराठी, खालच्या उर्दू. निजामाच्या वेळची शाळा. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आतली पानं शाबूत. आम्हा तिघींनाही ती वाचता येईनात. बाईंनी वैजापूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना फोन केला. ते मोटरसायकलवर आले, रुमालानं खुर्ची पुसून बसले आणि उजवीकडून पानं उलटायला लागले.

एक तास काहीच नाही. आत्याआजी दारात पाय पसरून बसल्या होत्या. मी सरांच्या बोटाकडं बघत होते. मग ते बोट थांबलं.

"माँजी, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

आत्याआजींनी सांगितलं.

सरांनी मान हलवली आणि रकाने वाचले: नाव, वडिलांचं नाव, गाव. मग 'कौम' लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी आमची जात वाचली. ज्या शब्दावरून गावानं आम्हाला हाकललं, तो शब्द इतक्या हळू आवाजात कुणी वाचलेला मी ऐकला नव्हता. पुढं लिहिलं होतं: सहा महिन्यांनी गैरहजर, नाव कमी.

"गैरहजर कशाला," आत्याआजी उसळल्या. "लगीन लावलं की माझं."

सर हसले नाहीत. "माँजी, ते लिहायचा रकाना नव्हता," म्हणाले.

उतारा मिळाला, त्याचं मराठी भाषांतर प्रमाणित झालं. उरली वंशावळ. पुन्हा तीच छत्री, तोच लॅपटॉप. या वेळी मी, वडील आणि आत्याआजी. मी टायपिस्टला म्हटलं, आजोबांच्या शेजारी यांची चौकट काढा.

"काढतो. पुराव्यापुरती."

"सगळ्यांच्या काढा. माझीही. आणि प्रत्येकाच्या शेजारी आईची."

"ताई, आया लागत नाहीत."

"लागत नाहीत की चालत नाहीत?"

"चालतात. लागत नाहीत. पान पुरायचं नाही."

"दुसरं जोडा."

त्यानं वडिलांकडं बघितलं, की हे पुरुषमाणूस काहीतरी समजुतीचं बोलेल. वडील म्हणाले, "जोडा की राव. छपाईत पान वाढलं म्हनून कुनी मेलं नाय."

तो टाइप करायला लागला. वडिलांच्या आईचं नाव वडिलांनी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "पणजोबांची पत्नी?" वडिलांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हजारो लोकांची नावं ज्यांनी खिळा खिळा जुळवून छापली, त्यांना स्वतःच्या आजीचं नाव येत नव्हतं. घरात ती नुसती 'म्हातारी' होती. मला त्यांची दया आली नाही. मलाही येत नव्हतं.

आत्याआजींनी आमच्या दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं. "माझ्या आयचं नाव इचारतोय व्हय त्यो?" म्हणाल्या, आणि सांगितलं. टायपिस्टनं दोन बोटांनी ते टाइप केलं. वडील वाकून पडद्यावर वाचत राहिले.

मग आत्याआजींचं स्वतंत्र शपथपत्र. टायपिस्टनं सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. आत्याआजींनी तो मागं सारला. "पेन दे." त्यांनी पेन मुठीत धरलं आणि उजवीकडून डावीकडं, जोर लावून, चार वाकडी उर्दू अक्षरं काढली. सगळं आयुष्य त्या अंगठा देत आल्या होत्या. कुणी पेन पुढं केलं नव्हतं आणि त्यांनी मागितलं नव्हतं. अक्षरं बरोबर आहेत का हे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. टायपिस्ट कागद फिरवून बघत म्हणाला, "ही सही धरतील का हो?" मी म्हणाले, "खाली लिहा, ही तिची सही." तरी भीती म्हणून शेजारी अंगठाही घेतला. तो घेताना मला फार राग आला.

प्रमाणपत्र शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी हातात आलं. बहिणीनं कॉलेजात नेऊन दिलं, पोच घेतली, घरी आली आणि पिशवीतून ॲप्रन काढून घातला. घडीच्या रेघा त्यावर पक्क्या बसल्या होत्या; इस्त्रीनंही गेल्या नाहीत.

न्यूझीलंडला मी दोन ओळी लिहिल्या, की तुमच्या युक्तीनं आमचंही काम झालं, आणि त्या हाताचा शोध मात्र अजून लागलेला नाही, मी सोडलेला नाही. पहिल्या ईमेलबद्दल माफी मागितली नाही. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी वंशावळीची प्रत घेऊन आम्ही सगळे आत्याआजींकडं गेलो. दोन पानं चिकटवून मी ती मोठी केली होती. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी एकेका चौकटीवर त्यांचं बोट ठेवून सांगत गेले. हा तुमचा बाप. ही तुमची आय. हे आजोबा, तुमचे भाऊ. आणि त्यांच्या शेजारी ही तुम्ही.

आपल्या चौकटीवरून बोट न उचलता त्या म्हणाल्या, "भाऊ पायजे व्हता आज. लई चिडवायचा मला. शाळंत जाऊन काय दिवं लावलंस म्हनायचा."